गॅस संपत नसतो

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एसीच्या मेकॅनिकचा फोन लागला, तरी तो घरी येईलच असं नाही. निदान मात्र फोनवरच होतं. "कूलिंग येईना झालंय का? गॅस कमी झालाय बघा काका, मारून टाकू." दोन दिवसांनी तो येतो, आऊटडोअरला गेज जोडतो, सिलिंडरची चावी सैल करतो. खोली त्या संध्याकाळी बरी वाटते. आठवडा उलटायच्या आत घरातली माणसं पुन्हा रिमोट घेऊन १८, १७, १६ असं खाली खाली उतरू लागतात.

एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो. आतल्या कॉईलमध्ये तो उकळतो आणि खोलीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो, आणि बाहेरच्या कॉईलमध्ये ती सगळी उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत असलेला आर-३२ नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. एसीत तो बऱ्याच दाबाखाली असतो, तरी आतल्या कॉईलमध्ये उकळायला त्याला खोलीची ऊब पुरते. नळ्या आणि सांधे धड असतील, तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला असेल तर कुठंतरी भोक पडलंय किंवा सांधा सैल झालाय, आणि ते तसंच ठेवून भरलेला नवा गॅसही त्याच वाटेनं जाणार. ‘दरवर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो’ असं सांगणारा मेकॅनिक एकतर पुरेसा शिकलेला नसतो, किंवा जरा जास्तच शिकलेला असतो.

म्हणून गॅसचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. सोलापुरात तर नक्कीच, कारण इथं एसी कमी पडायची इतर कारणं भरपूर आहेत.

पहिलं कारण खुद्द लेबलावरच असतं. भारतात घरगुती एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ आणि आत २७ अंश तापमान धरून. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलावर वॅटमध्ये छापलेला आकडा याच परिस्थितीतला असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ३५ अंश सकाळीच मागे पडतात आणि दुपारी पारा ४२-४३ वर असतो. बाहेरची कॉईल भोवतालच्या हवेपेक्षा बरीच गरम असल्याशिवाय तिच्यातली उष्णता बाहेर पडणार नाही, त्यामुळे ४३ अंशांत तिला ५५ ते ६० अंशांपर्यंत तापावं लागतं. कॉम्प्रेसरला जोर जास्त लावावा लागतो, वीज जास्त लागते, आणि आतली क्षमता मात्र ढोबळमानानं दहा टक्क्यांच्या आसपास घटते. त्याच वेळी घराचा भार वाढलेला असतो. आत २४ हवे असतील तर ३५ च्या दिवशी भिंतीच्या दोन बाजूंत ११ अंशांचं अंतर असतं, ४३ च्या दिवशी १९ चं. भिंतीतून आत झिरपणारी उष्णता जवळपास पावणेदोनपट होते. बळ घटलं आणि ओझं वाढलं, तर निरोगी एसीलाही दुपारी तीनला २४ गाठता येत नाहीत. तो २७ वर अडकला, तर ते दर वेळी आजाराचं लक्षण नसतं.

‘दीड टन’ या शब्दावरही फार विसंबू नये. बर्फाच्या व्यापारातून आलेलं हे माप आहे: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याचा वेग म्हणजे एक टन. तो सुमारे ३५०० वॅट भरतो. या हिशेबानं दीड टनाचे ५२७५ वॅट व्हायला हवेत. दुकानात दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक यंत्रांच्या लेबलावर पाच हजाराच्या आतला आकडा असतो. तारे जास्त म्हणजे थंडावा जास्त, असंही नाही. तारे विजेच्या काटकसरीबद्दल बोलतात. आणि जाहिरातीतलं ‘५२ अंशांतही चालतो’ याचा अर्थ त्या उन्हातही यंत्र बंद पडणार नाही, इतकाच. पूर्ण क्षमतेनं चालेल असं त्यात कुठं म्हटलेलं नसतं.

हे झालं निरोगी यंत्राचं. आपलं यंत्र आजारी आहे की नाही, हे ठरवायला एक साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. एसी कूल मोडवर घ्या, १८ अंश लावा, पंखा सगळ्यात वेगात ठेवा, दारंखिडक्या लावून २० मिनिटं चालू द्या. मग इनडोअर युनिटच्या वरच्या जाळीपाशी, जिथून तो हवा ओढतो, तिथलं तापमान घ्या, आणि खालच्या झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचं घ्या. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगल्या एसीत हा फरक १२ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त यायला हवा. आठच्याही खाली असेल, तर काहीतरी बिघडलंय. पण फरक मोठा आला म्हणून यंत्राला लगेच निर्दोष सोडू नका. झडपेतून हवा जेमतेम येत असेल, तर ती थोडी हवा खूप थंड होते आणि थर्मामीटर खूश होतो, खोली मात्र तापलेलीच राहते. त्यामुळे आकड्याबरोबर झोतही हातानं पाहायचा.

त्याआधी रिमोट एकदा नीट वाचावा. नव्या एसींत ‘कन्व्हर्टिबल’ नावाची सोय असते. तिच्यात एसी ४० किंवा ६० टक्के क्षमतेवर बांधून ठेवता येतो. हिवाळ्यात वीज वाचवायला कुणीतरी लावलेलं ते बटण मेमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. ड्राय मोड, इको मोड, पंख्याचा मंद वेग, यांचाही असाच घोळ होतो. काही रिमोटमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो रिमोट थंड झोताखाली पडून असेल, तर खोली थंड झाली अशी एसीची समजूत होते. आणि १६ लावलं म्हणून साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी जास्त जोरात काम करत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एकतर चालू असतो नाहीतर बंद. १६ लावण्यानं तो फक्त थांबत नाही. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या एसींत मुळातलं तापमान २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक झालं आहे; एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे.

आता हवेकडे वळू. माझ्या मते सोलापुरातल्या निम्म्याअधिक तक्रारी इथंच सुटाव्यात. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक या सगळ्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालतात. चादरीचं सूत असो की टेरी टॉवेलच्या मऊ फासांचं सैल पिळाचं सूत, मागावर ते घासलं की बारीक तंतू उडतात. ते हवेत तरंगतात आणि जिथं कुणी हवा ओढत असेल तिथं जाऊन बसतात. एसीत हवा ओढणाऱ्या जागा दोन. इनडोअरची जाळी लोकांना माहीत असते, काहीजण ती धुतातही. आऊटडोअरची मागची बाजू बघायला कुणी जात नाही, कारण ती भिंतीकडे तोंड करून उभी असते. पंखा पुढून हवा फेकतो, ओढतो मात्र मागून आणि बाजूनं. त्या मागच्या कॉईलच्या पातळ पट्ट्यांवर कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ आणि पारव्यांची पिसं यांचा थर जमतो. थर जाड झाला की कॉईलला हवा लागत नाही, ५५ अंशांवर भागायचं तिथं ६५ होतात, दाब चढतो आणि कॉम्प्रेसरचा सुरक्षा स्विच उडतो. इन्व्हर्टर एसी तर बंद न पडता गुपचूप आपला वेग कमी करतो, म्हणजे बिघाड झाल्याचं कळतही नाही. अशा एसीची एक ठरलेली तक्रार असते: रात्री अकरानंतर छान चालतो, दुपारी चालत नाही. ही तक्रार ऐकली की गॅसच्या आधी आऊटडोअरच्या पाठीकडे बघावं.

धुताना एमसीबी बंद करून पाण्याचा हलका झोत शक्य तितका आतून बाहेर मारायचा. बाहेरून जोरात मारला तर थर आणखी आत रुततो, आणि गाड्या धुण्याच्या पंपानं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकतात. वाकलेल्या पट्ट्यांतून हवा जात नाही, मग धुऊनही उपयोग शून्य. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर टांगलेला आऊटडोअर स्वतः धुवायला मात्र कुणी उतरू नये. ते काम दोर आणि पट्टा बांधून येणाऱ्या माणसाचं.

आऊटडोअर कुठं बसवलाय, हेही तितकंच महत्त्वाचं. नव्या अपार्टमेंटांत दर्शनी भाग चांगला दिसावा म्हणून चार-पाच घरांचे आऊटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये लावतात. एकाची गरम हवा दुसरा ओढतो, त्याची तिसरा. बाहेर ४२ असताना डक्टमध्ये त्याहून कितीतरी जास्त भरतात. बाल्कनीला ग्रिल, ग्रिलला जाळी, जाळीला हिरवं कापड अशी पुटं चढवलेली असतील तर तिथंही तेच. थर्मामीटर आऊटडोअरच्या मागच्या बाजूला धरा. रस्त्यावरच्या सावलीपेक्षा तिथं पाचेक अंश जास्त दिसले, तर यंत्र स्वतःचाच उच्छ्वास परत ओढतंय. आऊटडोअरवर सावली असावी हे खरं, पण सावलीसाठी हवा अडवली तर नफ्यापेक्षा तोटा मोठा. वर फूट-दीड फूट अंतर सोडून पत्रा टाकणं चालतं, गोणपाट गुंडाळणं चालत नाही.

गोणपाटावरून एका जुगाडाबद्दल सांगायला हवं. आऊटडोअरवर पाण्याचे फवारे मारले की एसी लगेच सुधारतो. शास्त्र त्यात चुकत नाही. पाणी उडून जाताना कॉईलची उष्णता घेऊन जातं. पण फवाऱ्याचं पाणी बहुधा बोअरचं असतं, कारण ठरावीक दिवसांआड येणारं नळाचं पाणी कोण असं उधळणार? बोअरच्या जड पाण्यातले क्षार पट्ट्यांवर पांढरे होऊन बसतात, पुढच्या उन्हाळ्यात त्यांचंच पूट होतं आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. महिनाभराच्या सुखासाठी कॉईल जाते.

आतली बाजू थोडक्यात. जाळी दर पंधरा दिवसांनी, मागाच्या शेजारी राहत असाल तर दर आठवड्याला धुवावी आणि सावलीत वाळवावी. जाळी स्वच्छ असूनही झोत मंद असेल, तर मागची कॉईल आणि ब्लोअरचं लांबट चाक बघावं लागतं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून त्या चाकाच्या पात्यांवर पूट धरतं, पात्यांची खोली भरून जाते आणि चाक नुसतं फिरत राहतं. ते घरी निघत नाही. ज्याला आपण जेट सर्व्हिस म्हणतो ती याचसाठी. कॉईलवर बर्फ धरलेला दिसला तर लोक खूश होतात. खरं तर बर्फ म्हणजे हवा अडलीय किंवा गॅस खरोखरच कमी आहे. अशा वेळी नुसता पंखा चालू ठेवून बर्फ वितळू द्यावा आणि जाळी धुऊन पुन्हा बघावं. जाळी स्वच्छ असूनही कॉईलवर बर्फ धरत असेल, तर गॅसचा संशय पहिल्यांदाच रास्त ठरतो.

सोलापूरचं खरं वेगळेपण मात्र ओलाव्यात आहे, आणि इथं मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे सल्ले चालत नाहीत. ‘ड्रेनच्या नळीतून पाणी टपकतं का बघ, टपकत नसेल तर एसी बिघडलाय,’ हा त्यातला नेहमीचा. मुंबईची हवा इतकी दमट की एसीच्या कॉईलवर पाण्याच्या धारा लागतात. सोलापुरात मेच्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्या हवेतलं पाणी सुटायला कॉईल जवळजवळ १० अंशांपर्यंत गार व्हावी लागते, आणि कॉईल साधारण तेवढीच गार असते. त्यामुळे नळी कोरडी राहिली तर त्यात नवल नाही. कोरड्या हवेत एसीची बहुतेक ताकद हवा थंड करण्यात जाते, पाणी गाळण्यात नाही. निसर्गानं सोलापूरकरांना दिलेली ही एकमेव सवलत, आणि ती आपण कूलर लावून घालवतो.

कूलरबद्दल माझं मत वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेला नीट भिजलेल्या जाड पॅडमधून नेलं, तर ती २५-२६ अंशांवर येऊ शकते, आणि त्यासाठी पंखा नि छोटा पंप चालवण्याइतकीच वीज लागते. कोकणात हे शक्य नाही, इथं आहे. घोटाळा होतो तो दोन्ही यंत्रं एका खोलीत आल्यावर. दिवसभर कूलर चालवायचा, रात्री दहाला खिडकी लावून एसी सुरू करायचा, ही बऱ्याच घरांची रीत. कूलरनं दिवसभर गाद्या, चादरी, पडदे, भिंतींचा गिलावा यांना पाणी पाजलेलं असतं. एसीला आधी ते बाहेर काढावं लागतं. एक लिटर पाणी वाफेतून परत पाण्यात आणायचं म्हणजे पाऊण युनिटाहून थोडी कमी, सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता उचलायची. दीड टनाच्या एसीची ती जवळजवळ आठ मिनिटांची पूर्ण मेहनत. पाच लिटर पाणी मुरलेलं असेल तर चाळीस मिनिटं नुसत्या पाण्यातच गेली. त्या काळात हवा गार लागते पण चिकट वाटते, आणि थर्मामीटरवरचा फरक कमी दिसतो. काही घरांत तर ‘जोडीला असू दे’ म्हणून दोन्ही एकत्र चालतात. जोरात चालणारा मोठा कूलर तासाला सात-आठ लिटर पाणी उडवत असेल, तर तो एसीची सगळी क्षमता एकटाच खाऊन टाकतो. शिवाय खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलत असतो, ती वेगळीच. एक तर कूलर लावा आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर एसी लावा आणि खिडकी बंद ठेवा. रात्री एसी हवा असेल तर कूलर संध्याकाळी सहालाच बंद करून खोली तासभर उघडी टाकावी.

ओलाव्याचा हा खेळ सोलापूरला नवा नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांत मुद्दाम ओलावा राखावा लागे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावानं ते पाहिलेलं आहे. अमेरिकेत स्टुअर्ट क्रॅमर हा गिरण्यांचा इंजिनिअर १९०६ च्या सुमारास कापडगिरण्यांच्या हवेत ओलावा कसा घालायचा, याच खटपटीत होता. त्याच्या चार वर्षं आधी विलिस कॅरियरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं, ते ओलावा काढण्यासाठी, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसाच्या सुखाचा विचार दोघांच्याही कामात नंतर आला.

एसीत काहीच बिघडलेलं नाही, हवा मोकळी आहे, कूलर बंद आहे, तरी वरच्या मजल्यावरची खोली तापतेच. इथं दोष स्लॅबचा. १० बाय १२ फुटांच्या खोलीवरचा उघडा काँक्रीटचा स्लॅब मेच्या उन्हात एक किलोवॅटच्या आसपास उष्णता खाली सोडू शकतो. म्हणजे दीड टनातला पाचवा हिस्सा गेला. शिवाय ही उष्णता उशिरा उतरते. दुपारी तीनला तापलेला स्लॅब संध्याकाळी सात-आठला सगळ्यात जास्त भाजतो. ‘सूर्य मावळला तरी एसी हरतोय’ याचं उत्तर छताला हात लावून मिळतं. पश्चिमेच्या खिडकीच्या एका चौरस मीटर काचेतून दुपारी ५००-६०० वॅट आत येतात, आणि आतला पडदा त्यांना फारसं अडवू शकत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. ऊन बाहेर अडवायचं: छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा. गच्चीवर चुना किंवा पांढरा परावर्तक रंग दिला, तर पहिल्याच आठवड्यात फरक जाणवतो. या जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचा थर हेच काम करायचा. आता त्या घरांवर स्लॅब आले आणि स्लॅबखाली एसी आले.

विजेचं प्रकरण थोडं घाबरवणारं, म्हणून लोक त्याकडे जात नाहीत. उन्हाळ्याच्या रात्री सगळ्या गल्लीत एसी चालू असतात आणि शेवटच्या घरापर्यंत व्होल्टेज पडतं. एसी चालू असताना ते मोजायचं, बंद असताना नाही. २३० च्या जागी २०० च्या खाली गेलं तर साध्या एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, सुरू होत नाही, तापून ट्रिप होतो, आणि वीस मिनिटांनी तोच खेळ परत. आतला पंखा मात्र चालूच असतो, त्यामुळे ‘एसी चालू आहे पण गार करत नाही’ असं वाटतं. याची खूण सोपी आहे. आऊटडोअरच्या पंख्यासमोर, जाळीला न चिकटता, हात धरा. येणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा स्पष्टपणे गरम हवी. पंखा फिरतोय आणि हवा साधीच लागतेय, म्हणजे कॉम्प्रेसर चालत नाही: व्होल्टेज, रिले किंवा कॅपॅसिटर. कॅपॅसिटर हा लहानसा डबा सोलापूरच्या उन्हात भाजून कमजोर होतो, आणि त्याची किंमत गॅस भरण्याच्या मानानं काहीच नसते. तो बदलून एसी ठणठणीत झाल्याची उदाहरणं कुठलाही प्रामाणिक मेकॅनिक सांगेल. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला राहतो, तेव्हा झाकण उघडून स्वतः बोटं घालण्याच्या फंदात पडू नये. उलट आऊटडोअरची हवा भट्टीसारखी गरम आणि मंद येत असेल, तर कॉईल तुंबलीय.

एवढं सगळं पाहून झालं, झोत चांगला आहे, कॉम्प्रेसर चालतोय, थर्मामीटरचा फरक तरीही सहा-सात, आणि आऊटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी बारीक नळीवर बर्फाचा पांढरा थर दिसतोय. आता गॅस कमी असू शकतो. सांध्याजवळ तेलकट डाग असेल तर शंका आणखी पक्की होते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं झिरपतं. बहुतेक वेळा दोष असतो तो फ्लेअर नटच्या सांध्यात, एसी एका घरातून दुसऱ्या घरात नेताना घाईत बसवलेल्या.

यापुढचं काम मेकॅनिकचं, पण ते कसं व्हायला हवं हे गिऱ्हाइकाला माहीत असावं. आधी गळती शोधायची: नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, फुगे कुठं येतात ते बघायचं. नायट्रोजनच्या जागी कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि मग गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम, ते आऊटडोअरच्या पाटीवर छापलेलं असतं. नुसत्या गेजच्या काट्याकडे बघून ४३ अंशांच्या दुपारी भरलेला गॅस अंदाजपंचे असतो. जास्त भरला तरी एसी कमीच गार करतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आर-४१० ए हे दोन गॅसांचं मिश्रण असल्यानं ते द्रवरूपातच भरावं लागतं. आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशील आहे आणि काही एसींत असलेला आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. त्यांच्यावर काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट बाहेर. पाटीवर आर-२२ लिहिलेलं असेल तर यंत्र जुनं आहे. ओझोनचा थर वाचवण्याच्या १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो गॅस टप्प्याटप्प्यानं बाद होतोय. अशा यंत्राची कॉईल गळत असेल तर तिच्यावर खर्च करण्याआधी नव्या एसीची किंमत विचारून यावी. आणि आर-२२ च्या यंत्रात दुसराच कुठलातरी स्वस्त गॅस ‘चालतो’ म्हणून कुणी भरू लागला, तर भरू देऊ नये.

दुरुस्ती झाली की नाही, हे मेकॅनिक घरात असतानाच, त्याच दुपारी, त्याच थर्मामीटरनं ठरवावं: आधीचा फरक, नंतरचा फरक, पावतीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम. पुढं ढकललं तर निकाल लागत नाही. जूनमध्ये ढग येतात, पारा दहा-बारा अंशांनी उतरतो, स्लॅब तापायचा थांबतो, आणि मेमध्ये हरलेला प्रत्येक एसी आपोआप जिंकू लागतो. ड्रेनची नळीही टपकायला लागते. त्याचं श्रेय मग मेमध्ये भरलेल्या गॅसला मिळतं.